नाताळापूर्वीचे चार रविवार

नाताळ जवळ आला की आमच्या पांढरपेशा वाचकास केक आठवतो, रोषणाई आठवते. त्याआधीच्या चार रविवारांची त्याला सहसा वार्ताही नसते. ख्रिस्ती उपासनेतील हा आगमनकाळ होय. वसईच्या चर्चमध्ये या दिवसांत धर्मगुरू जांभळी वस्त्रे परिधान करतात, भाविक पापनिवेदन करतात, आणि रविवारच्या उपासनेतील गौरवगीत नाताळच्या मध्यरात्रीपर्यंत थांबून राहते. आधी स्वतःचा झाडा, मग आनंद व आभार! हा क्रम आम्हांस फार मोलाचा वाटतो.

आपण मराठी भाषिकांनीही तो एकदा लावून पाहावा. इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्सनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' ओव्यांत रचून छापले व त्यात मराठीची थोरवी मनमोकळेपणे गायिली. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' तर घराघरांत वाचली गेली. हे सारे आपण घेतले. तरीही २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनासाठी वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची अध्यक्षपदी निवड होताच त्यांच्या धर्मावरून विरोध उठला. फादर २०२४ साली निवर्तले. त्या विरोधाबद्दल कोणी खंत प्रकट केल्याचे आमच्या वाचनात नाही.