धारचा ज्ञानदूत

इंदुराहून धारकडे जाणारा रस्ता आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या पायाखालचा असेल. पवारांच्या या जुन्या राजधानीभोवती शेकडो खेडी व आदिवासी वस्त्या पसरलेल्या आहेत. या जिल्ह्यात १ जानेवारी २००० रोजी ‘ज्ञानदूत’ नावाचा एक प्रयोग सुरू झाला. आज ज्याच्या त्याच्या खिशात मोबाइल असता ती जुनी हकिकत कशाला उकरावी, असे कोणी विचारील. इंटरनेटने गाव सबळ होते, की घरातील माणसे एकाच ओटीवर बसून एकमेकांस पारखी होतात, हा प्रश्न आज आपल्या प्रत्येक घरात उभा आहे. आणि त्याचे पहिले धडे आपल्या दाराशीच गिरवले गेले, म्हणून ती सांगावयाची.

खरे पाहता ज्ञानदूत हे इंटरनेट नव्हे. त्याचे जिल्ह्यापुरते धाकटे भावंड म्हणावे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मुख्य संगणकाशी गावोगावचे संगणक टेलिफोनच्या तारेने जोडले होते. आरंभी अशी २१ केंद्रे निघाली. त्यांना ‘सूचनालय’ म्हणत, आणि एकेका सूचनालयाच्या आधारावर पंचवीस-तीस गावे असत. खर्चाचा वाटा पंचायतींनी उचलला. सूचनालयात बसणारा ‘सूचक’ हा त्याच भागातील शिकलेला तरुण असे. त्याला सरकारी पगार नव्हता. लोक जी फी देत तीवर त्याचा चरितार्थ चाले.

बाजारभाव पाहण्यास पाच रुपये पडत. बगडी गावच्या शेतकऱ्यांना स्थानिक व्यापाऱ्यांनी बटाट्याचा भाव क्विंटलला ३०० रुपये सांगितला. त्यांनी सूचनालयात जाऊन इंदूरच्या बाजारातील भाव पाहिला, तो शंभर रुपयांनी अधिक निघाला. मग बटाटा कोठे गेला हे सांगावयास नको! शेतकऱ्याला भाव ठाऊक नसणे हेच अडत्याचे निम्मे भांडवल असते, हे आमच्या वाचकांना आम्ही शिकवावे असे नाही.

दहा रुपये भरून तक्रारही पाठविता येई. एका वाडीतील लोक सहा महिने पिण्याच्या पाण्यासाठी अर्ज करून थकले होते. त्यांनी सूचनालयातून तक्रार धाडली आणि दोन दिवसांत हातपंप दुरुस्त करणारा माणूस दारी आला. दहा रुपये त्या काळी गरिबाला थोडे नव्हते. परंतु तालुक्याच्या गावी एक फेरी म्हणजे बसभाडे गेलेच, वर दिवसाची मजुरी बुडाली. आणि साहेब दौऱ्यावर असले तर दुसरी फेरी ठरलेलीच! खसऱ्याची नक्कल, म्हणजे महाराष्ट्रात ज्याला सातबारा म्हणतात तसला जमिनीचा उतारा, तोही तेथे मागता येई.

आम्हांला या साऱ्यात यंत्रापेक्षा सूचकाचेच अधिक कौतुक वाटते. निरक्षर शेतकरी त्याच्याजवळ बसे आणि पडद्यावरील अक्षरे तो वाचून दाखवी. यंत्र एक होते आणि ते सर्वांचे होते.

त्याच वर्षी या प्रयोगाला स्टॉकहोम येथील पारितोषिक मिळाले आणि त्याचा बराच बोलबाला झाला. परंतु २००२ साली अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेने पाहणी केली, तेव्हा सूचनालयांत येणारी माणसे थोडी असल्याचे आढळले. वीज जाई, टेलिफोनची तार बंद पडे. शेतात कामाचा दिवस मोडून तीन कोस आलेला मनुष्य बंद यंत्र पाहून परत गेला, की तो पुन्हा कशाला येतो? शिवाय हातपंपाची तक्रार यंत्राने नेली, तरी पाना घेऊन निघणारा माणूस कचेरीतच असतो.

तारेची ही अडचण केवळ आपल्याच मुलखात असते असे नव्हे. इंग्लंडात लँकशायर परगण्यात लून नदीच्या खोऱ्यात विरळ वस्तीची खेडी आहेत, आणि तेथे चांगली तार नेणे कंपन्यांना परवडेना. तेव्हा २०११ साली गावकऱ्यांनी ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’ नावाची आपलीच संस्था काढली. लोकांनी समभाग घेतले, शेतकऱ्यांनी जमिनीतून वाट मोबदला न घेता दिली, आणि चर खणण्यास गावची माणसे स्वतः कुदळ-फावडे घेऊन उतरली. खणणाऱ्यास मजुरी समभागांच्या रूपाने घेता येई. आज त्या आडगावी शहरालाही हेवा वाटावा असा वेग आहे. तार बिघडली तर ती आपली आहे, हे त्यांना ठाऊक असते. धारला पंचायतींनी पैसा घातला होता खरा. तथापि धनीपण कचेरीकडेच राहिले, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली; तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. तार पंचायतीच्या दारी आली तरी शेजारच्या म्हाताऱ्या विधवेला आपल्या पेन्शनचे काय झाले हे कोण पाहून सांगणार? नातू सांगेल म्हणावे, तर नातू शहरात. आमची सूचना इतकीच की, आठवड्यातील एक संध्याकाळ ठरवून गावातील एका शिकल्या मुलाने किंवा मुलीने फोन घेऊन चावडीवर बसावे, बाजारभाव मोठ्याने वाचावेत, आणि धाडलेल्या प्रत्येक तक्रारीचा क्रमांक व तारीख वहीत लिहून ठेवावी. ती वही गावात राहावी. धारच्या सूचकाला पाच रुपये मिळत. आपल्या सूचकाला काय द्यावे, हे गावाने एकत्र बसून ठरवावे.