प्रत्येक पानावर एकच शिक्का

कोणत्याही कचेरींत थोडा वेळ उभें राहावें लागलें, तर एक देखावा खचित दृष्टीस पडतो. कारकून डाव्या हातानें पानें उलटीत असतो आणि उजव्या हातांतील रबरी शिक्का शाईच्या गादीवर व कागदावर आळीपाळीनें आपटीत असतो. शंभर पानें असलीं म्हणजे शंभर वेळां हात उचलणें आलें. पन्नासाव्या ठशापर्यंत शाई फिकी होते, कोठें ठसा तिरपा पडतो, आणि दोन पानें एकदम उलटलीं गेल्यास एक कोरेंच राहतें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें विद्यार्थी विचारतील. पानें सुटीं असतात, आणि सुटें पान बदलतां येतें, हें त्याचें कारण. मराठेशाहींत लांब कागद करावयाचा असला म्हणजे कागदाचे बंद एकाखालीं एक चिकटवीत व पाठीमागें सांध्यावर शिक्का उमटवीत. मधला बंद काढून कोणीं दुसरा घातला, तर ठशाचे दोन अर्ध जुळत नसत.

आतां अर्ज, दाखले व प्रश्नपत्रिका संगणकावरून पीडीएफ या स्वरूपांत पाठविल्या जातात. अडोबी कंपनीनें १९९३ सालीं हें स्वरूप प्रसिद्ध केलें व २००८ सालीं तें आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झालें. त्यांतील पान म्हणजे कागदाचें चित्र, असा पुष्कळांचा समज असतो. पण वस्तुतः तें आज्ञांचें टिपण असतें. 'अमुक ठिकाणीं जा, अमुक वळणाचें अक्षर काढ, येथून तेथवर रेघ ओढ,' अशा त्या आज्ञा. माप इंचाच्या बहात्तराव्या भागानें करितात व डावीकडील खालच्या कोपऱ्यापासून मोजतात. नेहमींचा ए-चार कागद या मापानें सुमारें ५९५ रुंद व ८४२ उंच भरतो.

शिक्क्याची खरी गंमत येथेंच आहे. तीनशें पानांवर शिक्का हवा असला, तरी चांगली आज्ञावली त्याची आकृति फाइलींत एकदांच लिहून बाजूस ठेवते. मग प्रत्येक पानाच्या टिपणांत एकच ओळ वाढते: 'ती आकृति येथें काढ.' यामुळें फाइल फारशी जड होत नाहीं आणि तीनशेंवा ठसा पहिल्याइतकाच ठळक उमटतो. पीडीएफटीके नांवाच्या आज्ञावलींत याकरितां दोन निरनिराळ्या आज्ञा आहेत. एक शिक्का मजकुराच्या वर ठेवते, दुसरी मजकुराच्या खालीं. आपण फक्त शिक्क्याचें एक पान तयार करून द्यावयाचें.

वर कीं खालीं, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. जें मागाहून काढलें जातें तें आधींच्यास झांकतें. प्रस्तुत लेखकानें एकदां क्रीडामहोत्सवाच्या कागदांवर शिक्का मोठ्या विश्वासानें 'खालीं' घातला, आणि एकाही पानावर तो दिसेना! तीं पानें स्कॅन केलेलीं होतीं. म्हणजे प्रत्येक पानावर कागदाचा पांढरा, अपारदर्शक फोटो पसरलेला होता व शिक्का त्याच्या आड दडला होता. 'वर' ठेवतांच तो प्रकट झाला. पण आडव्या केलेल्या दोन पानांवर मात्र कुशीवर निजला. वर ठेवावयाचा शिक्का अर्धपारदर्शक असावा, म्हणजे त्यातून मजकूर वाचतां येतो. ही सोय या स्वरूपांत २००१ सालच्या आवृत्तीपासून आहे.

आतां पालकांनीं विशेष लक्ष द्यावें अशी गोष्ट सांगतों. वर ठेवलेली आकृति खालचा मजकूर पुसून टाकीत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें अमेरिकेंत पॉल मॅनफर्ट यांच्या वकिलांनीं न्यायालयांत दाखल केलेल्या कागदांत गुप्त ओळींवर काळे पट्टे ओढले होते. वार्ताहरांनीं त्या ओळी निवडून दुसरीकडे उतरविल्या, तों पट्ट्यांखालचीं सगळीं अक्षरें जशींच्या तशीं हातीं आलीं. तेव्हां आधारपत्रावरील क्रमांक झांकावयाचा असल्यास त्यावर नुसता चौकोन ठेवून भागत नाहीं. तीं अक्षरें फाइलींतूनच काढावीं लागतात.

शिवाय जो शिक्का एका ओळीनें आला, तो ती ओळ काढल्यानें जातो. 'केवळ प्रवेशासाठीं' असें तारखेसह प्रत्येक पानावर तिरपें लिहून प्रत पाठविण्याची चाल चांगली आहे. मात्र शिक्का घातल्यावर पानांचे फोटो करून त्यांचीच नवी फाइल बनवावी. मग शिक्का व मजकूर एकाच चित्रांत मिसळतात व त्यांस वेगळें करणें अवघड जातें. अक्षरें शोधण्याची सोय तेवढी जाते.

जुन्या सांध्यावरील शिक्क्याचें काम आज डिजिटल स्वाक्षरी करिते. आपल्या देशांत २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानें तिला मान्यता दिली आहे. ती फाइलींतील मजकुरावरून गणितानें काढलेली असते. मागाहून एक अक्षर बदललें तरी ताळा चुकतो व फरक उघडकीस येतो. मागाहून घातलेला शिक्का हाही फरकच. म्हणून आधीं सर्व पानांवर शिक्का उमटवावा, एकूणएक पान उलटून पाहावें, आणि मग स्वाक्षरी करावी.