बादशाही आशूरखाना : एक राजशोकगृह

भागानगर म्हणजे चारमिनार, असा आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचा समज असतो. परंतु तेथून मुशी नदीकडे जाताना मदिना चौकाजवळ बादशाही आशूरखाना आहे, याची कित्येक हैदराबादकरांसही कल्पना नसते. आशूरखाना म्हणजे मोहरमच्या शोकाचे स्थान. इ. स. 680 मध्ये करबला येथे हुतात्मा झालेल्या इमाम हुसेन यांच्या स्मरणार्थ येथे 'अलम', म्हणजे धातूची निशाणे, स्थापिली जातात. गावाकडचे मोहरमचे पंजे पाहिलेल्या मराठी माणसास ती परकी वाटणार नाहीत.

चारमिनारपाठोपाठ, 1590 च्या दशकात, मुहम्मद कुली कुतुबशहाने ही वास्तू उभारली. 1611 च्या सुमारास तिच्या भिंतींना रंगीत, चकचकीत फरशांचा साज चढला. तुकडे कापून, एकमेकांशी जुळवून साकारलेल्या अलमांच्या भव्य आकृती पाहताना दृष्टी ठरत नाही. 1687 मध्ये औरंगजेबाने गोवळकोंडा जिंकला व राजाश्रय तुटला. पुढे निजाम अली खानाने अनुदान पुन्हा सुरू केले. समोरचा उंच लाकडी खांबांचा मंडप त्याच्याच काळातला. 1908 च्या मुशीच्या महापुरात खालच्या फरशांची हानी झाली. तेथे नुसत्या रंगाने नक्षी रेखाटली आहे. जवळ जाताच ती जागा जुन्या व्रणासारखी ओळखू येते.

आम्हां वैद्यकीय व्यावसायिकांस विशेष वाटावे असे पुढेच आहे. याच राजाने 1595 मध्ये जवळच दारुश्शिफा हे दुमजली रुग्णालय बांधले. मधोमध प्रशस्त अंगण, भोवती रुग्णांच्या खोल्या. आज तेथे रुग्णालय उरले नाही. त्या आवारातला आशूरखाना मात्र नांदता आहे. उपचार व शोक या दोन्हींसाठी एकाच दशकात दगडचुन्याची सोय करणारा राजा मला म्हणूनच दूरदृष्टीचा वाटतो.

बालरोगतज्ज्ञ या नात्याने मी अनेक रुग्णालये पाहिली. अतिदक्षता विभाग, औषधालय, उपाहारगृह सर्वत्र आढळले; परंतु मूल गमावलेल्या आईला दार लावून रडता येईल, अशी खोली क्वचितच दिसली. ती माउली जिन्याच्या पायरीवर बसते आणि शेजारून वर्दळ चालू राहते.

आपल्यापैकी अनेकजण नवी रुग्णालये उभारीत आहेत. त्यांनी नकाशा अंतिम करण्यापूर्वी एकदा हा आशूरखाना अवश्य पाहावा, आणि त्या नकाशात एक लहानशी खोली शोकासाठी राखावी, ही नम्र विनंती.