जुन्या कॉम्प्युटरला रीसेटचे बटण

ज्या व्यापारी व कारागीर बंधूंनी पीसी-एक्सटी जातीचा जुना कॉम्प्युटर जपून ठेवला आहे आणि ज्यांची मागची खतावणी अजून त्यातच आहे, त्यांच्यासाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

आयबीएम कंपनीने १९८१ साली पीसी आणि १९८३ साली पीसी-एक्सटी बाजारात आणला. दोन्हींना रीसेटचे बटण नव्हते. यंत्र अडकले की कंट्रोल, ऑल्ट व डिलीट या तीन कळा एकदम दाबायच्या. पण प्रोसेसरने कीबोर्डकडे लक्ष देणेच सोडले असेल, तर या कळांचा काही उपयोग होत नाही. मग वीज बंद करून पुन्हा चालू करावी लागते. त्याचा ताण पॉवर सप्लायवर आणि हार्ड डिस्कच्या मोटरवर पडतो. जुनी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच, याचा भरवसा नसतो. डिस्क गेली की खतावणीही गेली.

रीसेटच्या बटणाने डिस्क फिरत राहते, फक्त प्रोसेसर नव्याने सुरू होतो. पॉवर सप्लाय एका तारेवरून ‘वीज ठीक आहे’ असा इशारा मदरबोर्डला देतो. या तारेला ‘पॉवर गुड’ म्हणतात. इशारा तुटला की ८२८४ए ही चिप प्रोसेसरला रोखून धरते आणि इशारा परत येताच सोडते. बटणाने ही तार क्षणभर ग्राउंडला टेकवायची, एवढेच काम आहे.

बटण डोअरबेलसारखे घ्यावे : दाबले की जोडणारे, सोडले की सुटणारे. मदरबोर्डवर पी-८ व पी-९ असे दोन प्लग शेजारी बसतात आणि त्यांच्या काळ्या तारा मधोमध येतात. पी-८ च्या बाहेरच्या टोकाची पहिली तार, बहुधा नारिंगी, ही पॉवर गुड. काळी तार ग्राउंड. बटणाची एक तार नारिंगीला, दुसरी काळीला डाक देऊन जोडावी व वर टेप गुंडाळावी. मूळ तार तोडू नये.

काम करताना प्लग भिंतीतून काढावा. पॉवर सप्लायचा डबा उघडू नये. नुसत्या रंगावर विसंबू नये, कारण १९९५ नंतरच्या एटीएक्स यंत्रांत नारिंगी तार ३.३ व्होल्टची असते आणि पॉवर गुड करड्या रंगाची. तेथे नारिंगी तार ग्राउंडला लावणे म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट. मदरबोर्डवर ‘आरएसटी’ किंवा ‘रीसेट’ लिहिलेल्या दोन पिना असतील तर बटण तेथेच जोडावे, तारांना हात लावू नये.

बटण लोकांचा हात सहज लागणार नाही अशा जागी बसवावे. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तर दाबू नये. सेव्ह न केलेली नोंद रीसेटने जातेच. नंतर डॉसमध्ये चेकडिस्क चालवून पाहावे.

आणि बटण बसवण्यापूर्वी खतावणीची एक नक्कल दुसरीकडे काढून ठेवावी. बटण यंत्राला सावरते, बुडालेला हिशेब परत आणत नाही.