अध्यापकाचे वाचन आणि वैयक्तिक ध्येयनिश्चिती : खानदेशातील काही संदर्भ

प्रास्ताविक

महाविद्यालयीन अध्यापकाचा व्यवसाय वाचनावर आधारलेला आहे, हे आपण सर्वजण गृहीत धरतो. तथापि सेवेत रुजू झाल्यानंतर त्याच्या वाचनाला दिशा देणारी कोणतीही व्यवस्था उरत नाही. पदव्युत्तर वर्गास नेमलेला अभ्यासक्रम असतो, एम. फिल.च्या विद्यार्थ्यास मार्गदर्शकांनी दिलेली ग्रंथसूची असे (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी ती पदवीच बंद झाली, हा भाग निराळा). पुढे मात्र काय वाचावे आणि किती वाचावे, हा प्रश्न ज्याचा त्यालाच सोडवावा लागतो. परिणामी अनेकांचे वाचन पाठ्यपुस्तके, तासाची टिपणे आणि शोधनिबंधापुरते चाळलेले संदर्भ यांच्यापलीकडे जात नाही. ज्याचे वाचन थांबले त्याचे अध्यापन काही वर्षांत स्वतःचीच पुनरावृत्ती करू लागते आणि त्याची झळ विद्यार्थ्यांना बसते. यावलसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे अनेक विद्यार्थी घरातील पहिलेच पदवीधर असतात, तेथे ही बाब अधिक गंभीर ठरते. अधिक आणि अधिक चांगले वाचन करण्यासाठी अध्यापकाने स्वतःपुरते ध्येय कसे ठरवावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

दोन तुरुंग, दोन पद्धती

हेतुपूर्वक वाचनाची दोन उदाहरणे मराठी वाचकाच्या परिचयाची आहेत. पहिले लोकमान्य टिळकांचे. १९०८ ते १९१४ या मंडालेच्या कारावासात त्यांनी सुमारे ४०० ग्रंथांचा संग्रह जमविला. मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून जर्मन, फ्रेंच व पाली या भाषांचा अभ्यास केला. १९१०-११ च्या हिवाळ्यात सुमारे पाच महिन्यांत त्यांनी 'गीतारहस्य' पेन्सिलीने लिहून काढले. येथे वाचनाचा पसारा मोठा आहे, परंतु तो एका प्रश्नाभोवती बांधलेला आहे. गीतेचे तात्पर्य कर्मपर आहे की संन्यासपर, हा तो प्रश्न. पुस्तकांची संख्या त्या प्रश्नाच्या गरजेतून वाढत गेली.

दुसरे उदाहरण आपल्या खानदेशातले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर प्रवचन केले. १८ रविवार, १८ अध्याय. तत्पूर्वी काही वर्षे अंमळनेरच्या शाळेत अध्यापन केलेले साने गुरुजी ती प्रवचने उतरवून घेत होते आणि त्यातूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ सिद्ध झाला. जेमतेम ७०० श्लोकांच्या ग्रंथास चार महिने देणे, हे आजच्या हिशेबाने अत्यंत मंद वाचन होय. शिवाय विनोबांना हा ग्रंथ नवा नव्हता. त्याच्या आधीच त्यांनी 'गीताई'च्या रूपाने त्याचे मराठीकरण पूर्ण केले होते. पूर्वी वाचलेले पुनःपुन्हा वाचणे हेही वाचनाचे ध्येय असू शकते, ही गोष्ट पुस्तकांची यादी करणारा वाचक हमखास विसरतो.

दोहोंतही मुदत, विषय आणि ठरलेली वेळ या गोष्टी निश्चित होत्या. एका ठिकाणी विस्तार होता, दुसऱ्या ठिकाणी खोली. कारावासामुळे त्यांना सवड मिळाली, असा आक्षेप घेतला जाईल. तो अंशतः खरा आहे. परंतु त्याच तुरुंगांत तेवढीच सवड मिळालेले इतरही पुष्कळ होते.

ध्येयासंबंधीचे संशोधन

एडविन लॉक व गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी ध्येयनिश्चितीचा जो सिद्धान्त १९९० मध्ये ग्रंथरूपाने मांडला, त्यानुसार 'जमेल तेवढे करू' अशा मोघम संकल्पापेक्षा नेमके व काहीसे अवघड ध्येय माणसाकडून अधिक काम करवून घेते. मात्र जेथे काम गुंतागुंतीचे असते आणि त्याची रीतच अजून शिकावयाची असते, तेथे फलाच्या आकड्यापेक्षा शिकण्याचे ध्येय अधिक उपयोगी पडते, असेही पुढील संशोधनात आढळले आहे. ललित वाचनास संख्येचे ध्येय चालून जाईल, वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या खंडांना हात घालणाऱ्यास ते मारक ठरेल. पीटर गॉलविट्झर यांनी आणखी एक उपयुक्त भेद दाखविला. केवळ इच्छा पुरेशी नसते. 'अमुक प्रसंग आला की मी अमुक करीन' असे प्रसंगाशी जोडलेले नियोजन केल्यास संकल्प तडीस जाण्याची शक्यता वाढते.

हिशेबासाठी साधे गणित करून पाहावे. दररोज २० पाने, वर्षातील ३०० दिवस, म्हणजे ६००० पाने. २५० पानांचे पुस्तक धरल्यास वर्षाकाठी २४ पुस्तके. परीक्षा, उत्तरपत्रिका तपासणी, प्रवेशप्रक्रिया व निवडणुकीची कामे यांसाठी ६५ दिवस वगळूनही हा आकडा निघतो. जळगाव किंवा भुसावळहून तापी ओलांडून रोज अप-डाऊन करणाऱ्या प्राध्यापकास जागा मिळाली तर ही २० पाने एस. टी.तच होऊ शकतात. गॉलविट्झर यांचा नियम येथे लावायचा तर 'बस पूल ओलांडून पुढे गेली की पिशवीतून पुस्तक बाहेर' एवढे ठरविणे पुरे आहे. अर्थात रस्ता बरा असेल तर.

मोजमापाचा धोका

संख्या हे साधन आहे, परंतु ती स्वतःच साध्य होऊन बसते. आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरी निर्देशांक आणला आणि लेखनास गुण मिळू लागले. वाचनास गुण नव्हते, कसे असणार? त्यानंतर निबंधांची संख्या वाढली, परंतु त्यांमागील वाचन वाढले असे म्हणवत नाही. राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेच्या नियमावलीत ग्रंथालयाचा दैनंदिन वापर हा निकष आला, तेव्हा नोंदवहीतील स्वाक्षऱ्या हा पुरावा झाला. स्वाक्षरी करणारा वाचून गेला की वर्तमानपत्र उलगडून गेला, हे त्यातून कळत नाही. वैयक्तिक ध्येयातही हाच धोका आहे. वर्षात ५० पुस्तकांचा संकल्प करणारा वाचक नकळत पातळ पुस्तके निवडू लागतो आणि 'हिंदू'सारखी जाडजूड कादंबरी पुढच्या वर्षावर ढकलतो.

चांगले पुस्तक म्हणजे कोणते?

या प्रश्नास सर्वांसाठी एकच उत्तर नाही, परंतु अध्यापकापुरती एक कसोटी सुचविता येते. ज्या पुस्तकामुळे आपल्या शिकविण्यातील एखादे विधान बदलावे लागते, ते आपल्यासाठी चांगले. या कसोटीवर आपल्याच विषयातील, परंतु आपल्या मताविरुद्ध जाणारे एक पुस्तक दरवर्षी यादीत असावे. दुसरे आपल्या विषयाबाहेरचे असावे. वाणिज्याच्या प्राध्यापकाने इतिहास वाचावा, रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने कादंबरी. तिसरे आपल्या परिसरातील.

या तिसऱ्याकडे आपले दुर्लक्ष विशेष आहे. भालचंद्र नेमाडे हे यावल तालुक्यातील सांगवीचे. 'कोसला' (१९६३) पुष्कळांनी वाचलेली असते. परंतु १९७५ ते १९७९ या काळात प्रसिद्ध झालेले 'बिढार', 'हूल', 'जरीला' व 'झूल' हे चतुष्टय आपल्यापैकी किती जणांनी सलग वाचले आहे? त्याचा नायक चांगदेव पाटील हा महाविद्यालयीन अध्यापकच आहे. निमशहरी महाविद्यालयांतील संस्थाचालक, जातीपातींचे राजकारण, स्टाफरूममधील गप्पा हे सर्व त्यात आले आहे. एका सत्रात हे चतुष्टय पूर्ण करणे, हे कोणत्याही विषयाच्या अध्यापकास साधण्याजोगे आणि फलदायी ध्येय होय. संख्येने चार, विषयाने एक.

अंमलबजावणी

प्रस्तुत लेखक गेली काही वर्षे एक साधी वही ठेवतो. पुस्तकाचे नाव, सुरुवातीची व समाप्तीची तारीख आणि वाचून झाल्यावर लिहिलेल्या पाच ओळी, एवढेच तिचे स्वरूप. पाच ओळी सुचत नसतील तर पुस्तक वाचून झाले असे धरले जात नाही. ही अट जाचक वाटते, परंतु पाने उलटणे आणि वाचणे यांतील फरक तीच दाखविते. न आवडलेले पुस्तक ५० पानांनंतर सोडून देण्याची मुभा स्वतःस द्यावी. वहीत सोडल्याचे कारण मात्र लिहावे.

ध्येय खाजगी असले तरी पुस्तके मिळवावी लागतात. ग्रंथालयाची खरेदी बहुधा मार्चअखेर घाईत होते आणि मागणी आली नाही की वितरकाच्या यादीतील पुस्तके येतात. म्हणून वर्षाची यादी जून-जुलैमध्येच करून तीतील नसलेल्या ग्रंथांचे मागणीपत्र ऑगस्टपूर्वी ग्रंथपालांकडे द्यावे. एकाच पुस्तकाची मागणी तीन विभागांतून आली, तर ते विकत घेतले जाण्याची शक्यता वाढते आणि त्यावर बोलण्यासाठी स्टाफरूममध्ये तीन माणसेही मिळतात.