शिशाचे खिळे आणि गव्हर्नर जनरल

कर्ज फेडता आले नाही म्हणून कलकत्त्याच्या तुरुंगात पडलेल्या एका माणसाने १७७७ साली तिथेच लाकडी छापयंत्र उभे केले. जेम्स ऑगस्टस हिकी त्याचे नाव. जन्माने आयरिश. तरुणपणी लंडनच्या छापखान्यात उमेदवारी केलेली, पुढे जहाजावरच्या शल्यवैद्याचा मदतनीस म्हणून १७७२ मध्ये कलकत्त्याला आलेला. इथे व्यापार मांडला, जहाजावरचा माल खराब झाला, सावकार दारात उभे राहिले. सगळे गेल्यावर हाताशी उरली ती उमेदवारीत शिकलेली खिळे जुळवायची विद्या. तुरुंगात तो पंचांगे आणि जाहिरातीचे कागद छापू लागला. या यंत्रविद्येतूनच पुढे भारतातले पहिले छापील वर्तमानपत्र निघाले!

त्याआधी, १७६८ मध्ये, विल्यम बोल्ट्स नावाच्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या माजी नोकराने कलकत्त्यात एक हस्तलिखित सूचना लावली होती. शहरात छापखाना नाही, ही मोठी उणीव आहे. छपाई जाणणाऱ्याला मी मदत करीन, असा तिचा आशय. कंपनीने बोल्ट्सला जहाजात बसवून युरोपला धाडले. पुढे बारा वर्षे कलकत्त्यात वर्तमानपत्र निघाले नाही.

२९ जानेवारी १७८०, शनिवार. हिकीच्या ‘बेंगाल गॅझेट’चा पहिला अंक निघाला. साधारण बारा इंच लांब, आठ इंच रुंद पाने, प्रत्येक पानावर तीन स्तंभ. आजच्या मापाने चिमुकलेच, पण ते कसे तयार होत असेल ते डोळ्यांपुढे आणून पाहा. पेटीच्या घरांतून एकेक शिशाचा खिळा उचलायचा, उलटी अक्षरे वाचत ओळ बांधायची, दोन शब्दांमध्ये कोरे तुकडे बसवायचे, पान आवळायचे, शाई चोपडायची, कागद ठेवून दांडा ओढायचा. एक बाजू वाळली की दुसरी. मग जुळणी मोडून तेच खिळे पुढच्या पानासाठी पुन्हा घरांत टाकायचे. आठवड्यामागून आठवडे हे चालायचे, तेही कलकत्त्याच्या दमट हवेत.

सुरुवातीला आत जाहिराती, जहाजांच्या बातम्या, कविता आणि गावगप्पा असत. खरी जादू वाचकांच्या पत्रांनी केली. टोपणनावाने लोक लिहू लागले: रस्त्यांची घाण, गवताच्या छपरांना लागणाऱ्या आगी, कनिष्ठ अधिकाऱ्यांवरचा अन्याय. त्या काळात कंपनी पुण्याच्या पेशव्यांशी लढत होती आणि दक्षिणेत हैदरअलीशीही. सैनिक मरत होते आणि त्यांच्या बाजूने लिहिणारा कागद हाच होता. ज्यांना गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलच्या दारात उभे राहायची सोय नव्हती, त्यांना बोलायला एक जागा मिळाली.

पत्राच्या सगळ्याच मजकुराची मी पाठराखण करणार नाही. बायकांच्या खासगी आयुष्यावरची शेरेबाजी त्यात आहे आणि ती हीन आहे. पण हिकीने बोट ठेवले ते सत्तेच्या नेमक्या सांध्यावर. सर एलिजा इम्पी हे सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश. कंपनीवर अंकुश राहावा म्हणून हे न्यायालय १७७४ मध्ये बसवलेले. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज त्यांचा शाळासोबती. १७८० च्या अखेरीस इम्पींनी कंपनीच्या सदर दिवाणी अदालतीचे पद पगारासह स्वीकारले. ज्याने जाब विचारायचा तोच पगारदार झाला, हे हिकीने उघड मांडले. इम्पींच्या नातलगाला बंधारे-पुलांच्या दुरुस्तीचा ठेका मिळाला, तेव्हा मुख्य न्यायाधीशांचे बारसे त्याने ‘लॉर्ड पूलबंदी’ असे केले.

कंपनीने आधी टपाल बंद केले. नोव्हेंबर १७८० मध्ये सरकारी डाकेने हे पत्र न्यायला मनाई झाली. त्याच महिन्यात सरकारच्या मर्जीतले ‘इंडिया गॅझेट’ सुरू झाले. हिकीने आपले हरकारे नेमले आणि अंक घरोघर पोचवले. मग बदनामीचे खटले आले: हेस्टिंग्जचे, आणि ज्याच्यावर हिकीने अनाथांच्या पैशात हात घातल्याचा आरोप केला त्या कीर्नांडर या मिशनऱ्याचे. जून १७८१ मध्ये हिकीला अटक झाली. न्यायासनावर इम्पीच. एका आरोपातून ज्युरीने त्याला निर्दोष सोडले, ही मला साऱ्या प्रकरणातली सर्वात धाडसी गोष्ट वाटते. उरलेल्यांत तो दोषी ठरला.

आणि तरीही शनिवारचा अंक निघत राहिला! मालक तुरुंगात, मजकूर तुरुंगातून, छापखाना चालू. असे जवळजवळ नऊ महिने गेले. शिक्षेने, दंडाने, टपालबंदीने जे थांबले नाही, ते मार्च १७८२ मध्ये एका हुकुमाने थांबले. त्याचे छापयंत्र आणि खिळेच जप्त झाले. शिसे नाही तर अक्षर नाही. जेमतेम सव्वादोन वर्षांचे आयुष्य.

हिकी पुन्हा कधी सावरला नाही. १८०२ मध्ये चीनकडे जाणाऱ्या जहाजावर त्याचा मृत्यू झाला. हेस्टिंग्जवर १७८८ पासून लंडनच्या संसदेत महाभियोग चालला. सात वर्षांनी तो निर्दोष सुटला, पण त्याचा कारभार तोवर जगापुढे उघडा झाला होता. मराठीतले पहिले वर्तमानपत्र ‘दर्पण’ यायला १८३२ उजाडायचे होते.

‘बेंगाल गॅझेट’चे थोडेच अंक आज शिल्लक आहेत. जर्मनीतल्या हायडलबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्यांची पाने कोणालाही पाहता येतील अशी खुली ठेवली आहेत. जमेल तेव्हा ती उघडा, आणि संपादकाच्या आधी वाचकांची पत्रे वाचा.