ढील देणारी चकती

मोठा मासा निसटला की गरवणारा नशिबाला बोल लावतो, नाहीतर दोऱ्याला. पुष्कळदा खरा अपराधी असतो तो रिळाच्या पोटात दडलेला एक झिजका वॉशर!

पतंग उडवणाऱ्या पोराला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. पेच लागल्यावर मांजा नुसता घट्ट धरून चालत नाही, वेळेवर ढील द्यावी लागते, आणि तीही बेतानं. गळाला मोठा मासा लागतो तेव्हा पाण्यात असाच खेळ रंगतो. फक्त इथे ढील बोटं देत नाहीत, रीळ देतं. विहिरीवरच्या रहाटासारखं आडवं फिरणारं, दांडीच्या वरच्या अंगाला बसवलेलं जुन्या पद्धतीचं दणकट रीळ. त्याच्या हँडलजवळ चांदणीच्या आकाराचं एक चाक असतं. ते पिळलं की दोरा जड सुटतो, सैल केलं की हलका. या यंत्रणेला म्हणतात ड्रॅग.

बोटं फोडणारी रिळं

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ही सोय नव्हती. हँडल थेट दोऱ्याच्या चाकालाच जोडलेलं असे. मासा पळाला की हँडल गरागरा उलटं फिरायचं आणि मध्ये आलेली बोटं फुटायची! दोऱ्यावर चामड्याची पट्टी अंगठ्यानं दाबून धरायची, एवढाच काय तो ब्रेक. अमेरिकेत कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटावर १८९८ साली चार्ल्स होल्डर यांनी १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोंचा ट्यूना (आपल्याकडचा कुपा) पकडला तो अशाच साधनांच्या जमान्यात. त्याच वर्षी तिथे ‘ट्यूना क्लब’ स्थापन झाला.

याच क्लबचे विल्यम बोशन यांनी ब्रेक रिळाच्या आतच बसवण्याच्या कल्पनेचा पाठपुरावा केला. ब्रुकलिनचे नामांकित रीळ-कारागीर ज्युलियस व्होम हॉफ यांनी तसं रीळ घडवलं. १९१३ साली बोशन यांनी त्यावर ३५५ पौंडांचा, जवळपास १६१ किलोंचा तलवार मासा ओढून काढला. दांडी आणि रिळावर पकडलेला तो पहिला तलवार मासा मानला जातो. पुढे फिलाडेल्फियात जर्मनीहून आलेल्या ऑटो हेन्झ यांनी १९३२ साली ‘पेन’ कंपनी काढली. १९३६ साली आलेल्या तिच्या ‘सेनेटर’ रिळानं हे तंत्र सामान्य हौशी माणसाच्या हातात दिलं. ही रिळं इतकी टिकाऊ की आजोबांचं रीळ नातू वापरतो. झिजतात त्या फक्त आतल्या चकत्या.

चळतीची करामत

रीळ उघडलं की पितळेचं किंवा पोलादाचं मोठं दातेरी चाक दिसतं. त्याच्या खोलगट पोटात वॉशरची चळत रचलेली असते. एक धातूची चकती, एक घर्षणाची, पुन्हा एक धातूची. धातूच्या काही चकत्या मधल्या नळीला अडकलेल्या असतात, तर काही दातेरी चाकाच्या खाचांत. मासा ओढू लागला की दातेरी चाक उलटं फिरू बघतं, पण खटक्यामुळे नळी जागची हलत नाही. या ओढाताणीत चकत्या एकमेकींवर घसरतात आणि दोरा सुटू लागतो. चांदणी पिळणं म्हणजे ही चळत दाबणं.

गंमत अशी, की दाब तेवढाच ठेवून चकती नुसती रुंद केली म्हणून पकड फारशी वाढत नाही. ती वाढते घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या वाढवल्यावर. म्हणूनच काही रिळांसाठी पातळ, पण संख्येनं जास्त चकत्यांचे संच मिळतात.

पूर्वी या चकत्या चामड्याच्या किंवा दाबून केलेल्या तंतूंच्या असत. पाणी आणि मीठ मुरलं की त्या फुगतात, वाळल्या की कडक होतात, तापल्या की चिकटतात. खरा घात होतो तो सुरुवातीला. समजा, दोरा ४ किलोंच्या ओढीला सुटेल असं रीळ लावलंय. पण चिकटलेली चकती हलवायलाच ७-८ किलो लागले, तर माशाच्या पहिल्याच हिसक्याला दोरा तटकन् तुटतो! ताण न खाणारा विणलेला दोरा असेल तर हिसका पचवायला तोही मदत करत नाही.

त्यावरचा उतारा म्हणजे कार्बन फायबरच्या चकत्या. त्या उष्णतेला दाद देत नाहीत, फुगत नाहीत आणि अडखळल्याशिवाय घसरतात. पेननंही पुढे आपल्या रिळांत ‘एचटी-१००’ नावानं अशाच चकत्या बसवल्या. जुन्या रिळांनाही त्या बसतात. मात्र मॉडेल पाहून नेमक्या मापाच्याच घ्याव्यात.

बदलताना सांभाळा

काम घरच्या टेबलावर होण्यासारखं आहे. जुन्या चकत्या निघतील त्याच क्रमानं वर्तमानपत्रावर मांडाव्यात. क्रम चुकला की रीळ बंद करूनही ड्रॅग चालणार नाही. धातूच्या चकत्या रॉकेलनं पुसून काचेवर ठेवून पाहाव्यात. वाकलेली किंवा गंजून खडबडीत झालेली चकती असेल तर नवा कार्बनही काय करणार? काही जुन्या चकत्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असे, म्हणून त्या कोरड्या घासू नयेत, त्यांची धूळ फुंकू नये. कार्बनच्या चकतीला ड्रॅगसाठीच बनवलेल्या ग्रीसचा पुसट हात द्यावा आणि जास्तीचं पुसून टाकावं. इथे बेअरिंगचं साधं ग्रीस चालत नाही.

मग दोऱ्याचं टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधून ओढून पाहावं. दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक-तृतीयांश ओढीला तो सुटायला हवा. १२ किलोंच्या दोऱ्याला ३ ते ४ किलो. नव्या चकत्या जास्त पकड देतात म्हणून चांदणी करकचून आवळण्याचा मोह टाळावा, नाहीतर जुने दाते किंवा खटका मोडायचा! आणखी एक, मासा दूर पळतो तसं चाकावरचं वेटोळं लहान होतं. ते निम्म्यावर आलं की तोच ड्रॅग दुप्पट जड होतो. अशा वेळी चांदणी किंचित सैल करणाराच शहाणा. घरी परतल्यावर ती पूर्ण सैल करून रीळ ठेवावं.

एवढा खटाटोप कशासाठी? दोरा तुटला की हौशी माणसाची फक्त गोष्ट अधुरी राहते. मासा मात्र तोंडात गळ आणि मागे लांबच लांब दोरा घेऊन जातो. ओढ एकसारखी असेल तर झुंज लवकर संपते, आणि पकडून सोडून द्यायचा मासा थकून गळून न जाता परत पाण्यात जातो. माळ्यावर पडलेल्या जुन्या रिळाला नवी मोटर नको, नवं चाक नको. हव्यात त्या तीन-चार पातळ चकत्या, धरायचं किती आणि सोडायचं किती हे नेमकं जाणणाऱ्या!